वैद्याची जमा आणि वैद्याचा आयकर

फाल्गुन सरत आला की आमच्याकडे वैद्यमित्रांचे दूरध्वनी येऊ लागतात. विचारणा बहुधा एकच असते, "कर वाचवायचा आहे, पैसे कुठे गुंतवू?" तोवर विमा प्रतिनिधीही चिकित्सालयाच्या पायरीवर येऊन बसलेला असतो. या प्रश्नाचे आम्हांला दरवर्षी नवल वाटते. एखादा रुग्ण येताच "कोणते चूर्ण घेऊ?" असे विचारू लागला तर आपण त्याला आधी बसवतो, नाडी पाहतो, आहारविहार विचारतो. स्वतःच्या कराच्या बाबतीत मात्र आपण निदानाला फाटा देऊन थेट औषध मागतो, आणि आजार रेड्याला व औषध पखालीला अशी गत होते.

तालुक्याच्या गावी तीस वर्षे चिकित्सा करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांचे उदाहरण सांगतो. त्यांची वर्षाची एकूण जमा सुमारे १९ लाख रुपये. विवरणपत्रात ते सहा लाख जमा आणि तीन लाख उत्पन्न दाखवीत. उरलेली रोकड घरात. पंचकर्मासाठी दोन खोल्या बांधाव्या म्हणून ते कर्ज मागायला गेले, तेव्हा बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली आणि ती पाहून नम्रपणे नकार दिला. आम्ही त्यांच्यासोबत बसून हिशेब मांडला. सारी जमा खरी दाखवून कलम ४४ एडीएचा आधार घेतला असता तर त्यांचे करपात्र उत्पन्न साडेनऊ लाख ठरले असते. त्यावर नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२३-२४ साठी रु. ५४,६०० आणि २०२४-२५ साठी रु. ४६,८०० एवढा कर झाला असता. २०२५-२६ या वर्षासाठी तो शून्य. जो कर आता लागतच नाही, त्याच्या भयाने हे गृहस्थ रोकड दडवीत होते.

आम्ही सनदी लेखापाल नव्हे. चिकित्सालय आणि त्याला लागून असलेले औषधी दुकान चालवताना जे शिकावे लागले, तेवढेच येथे मांडत आहोत. कर चुकवणे निराळे आणि कायद्याने दिलेली वाट निवडून कर कमी करणे निराळे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मॅकडॉवेल प्रकरणात हाच भेद सांगितला होता. कायद्याच्या चौकटीतील करनियोजन वैध. मात्र खोटे व्यवहार आणि वरवरच्या क्लृप्त्या त्यात बसत नाहीत. पुढील कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर अधिनियमातील आहेत, कारण आपल्या तोंडी तेच आहेत आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षाला तोच कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा आयकर अधिनियम २०२५ घेतो. त्यात ४४ एडी व ४४ एडीए ही कलमे कलम ५८ मध्ये आली आहेत, तर ८० सी चे कलम १२३ झाले आहे.

निम्मी जमा, निम्मे उत्पन्न

कलम ४४ एडीए २०१६ च्या वित्त अधिनियमाने आले. वैद्यकीय, विधी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखा अशा ठरावीक व्यवसायांतील निवासी व्यक्तीची वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर तिने जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी. उरलेला निम्मा भाग खर्च म्हणून गृहीत धरला जातो. त्याच्या पावत्या मागितल्या जात नाहीत, लेखापरीक्षणही नाही. एकूण जमेत रोख रक्कम पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर ५० लाखांची ही मर्यादा ७५ लाखांवर जाते.

वैद्य यात बसतो का, अशी शंका अजूनही काढली जाते. वैद्यकीय व्यावसायिकाने ठेवावयाच्या दैनंदिन रुग्णनोंदवहीचा जो नमुना आयकर नियम १९६२ मध्ये आहे, तो नमुना ३ सी उघडून पाहावा. त्याच्या शीर्षकात कोणत्याही चिकित्सापद्धतीचे व्यावसायिक असा उल्लेख असून शल्यचिकित्सक, दंतवैद्य यांच्या पंक्तीत वैद आणि हकीम हे शब्द छापलेले आहेत. सरकारी कागदावर आपल्याला इतके सन्मानाने बसवलेले फार ठिकाणी आढळत नाही.

आता नव्या करप्रणालीचे दर पाहू. २०२५-२६ साठी चार लाखांपर्यंत कर नाही. पुढील प्रत्येक चार लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांवरील उत्पन्नावर ३० टक्के. या करावर चार टक्के उपकर. परंतु कलम ८७ ए अन्वये निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर माफ होतो. ही माफी आणि ४४ एडीए एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. ज्या वैद्याची जमा २४ लाखांपर्यंत आहे आणि ज्याला दुसरे उत्पन्न नाही, त्याला एक रुपयाही आयकर नाही. त्यासाठी विमा नको, बचतपत्र नको, मार्चअखेरची धावपळ नको. उत्पन्न १२ लाखांच्या थोडे वर गेले तरी घाबरू नये. १२ लाख १० हजारांवर हिशेबाने रु. ६१,५०० कर होतो, परंतु सीमान्त सवलतीमुळे तो वरच्या दहा हजारांपुरताच राहतो आणि त्यावर उपकर लागतो. समभाग वा म्युच्युअल फंडांच्या विक्रीतील विशेष दराने करपात्र असलेल्या नफ्याला मात्र ही माफी मिळत नाही.

दोन पथ्ये सांभाळावीत. अनुमानित उत्पन्न दाखवणाऱ्याने आपला संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा असतो. चुकल्यास व्याज लागते. दुसरे असे की, कायद्यातील शब्द निम्मे किंवा त्याहून अधिक असे आहेत. दहा लाख उत्पन्न दाखवून त्याच वर्षी पंचवीस लाखांची ठेव केली, तर पैसा आला कोठून हा प्रश्न विचारला जाणारच, आणि ४४ एडीए हे त्याचे उत्तर नव्हे.

जेथे ही वाट महाग पडते

केवळ परीक्षण करून औषधपत्र लिहिणाऱ्या वैद्यास ४४ एडीए लाभते. स्वतःचे औषध देणाऱ्यास ते अनेकदा महाग पडते, आणि आपल्यात औषध देणारेच अधिक. एका चिकित्सालयाची वर्षाची जमा ३० लाख आहे असे धरू. त्यातील १२ लाख शुल्क आणि १८ लाख औषधांची किंमत. औषधांची खरेदी १४ लाखांची, भाडे व पगार मिळून पाच लाख. खरा नफा ११ लाख. पण सारी जमा एकत्र धरून निम्मे उत्पन्न दाखवले तर ते १५ लाख होते आणि कर रु. १,०९,२०० भरावा लागतो. निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवायचे ठरवले तर संपूर्ण हिशेबवह्या व लेखापरीक्षण बंधनकारक होते, आणि त्याचे शुल्क वेगळे.

यातून सरळ मार्ग असा की, औषधविक्री हा खरोखरच स्वतंत्र व्यवहार असेल तर तो कागदावरही स्वतंत्र ठेवावा. खिडकी वेगळी, पावतीपुस्तक वेगळे, साठ्याची वही वेगळी, बँकेचे खातेही वेगळे. मग १२ लाख शुल्कावर ४४ एडीएने सहा लाख उत्पन्न आणि औषधविक्रीचा नियमित हिशेबाप्रमाणे चार लाख नफा, असे दहा लाख होतात. कर शून्य. विक्रीची उलाढाल एक कोटीच्या आत असल्याने नियमित हिशेबाला लेखापरीक्षणही लागत नाही. परंतु शुल्कातच पुडी बांधून द्यायची आणि वर्षअखेर कागदावर दोन भाग पाडायचे, हे चालणार नाही. ती कायद्याच्या दृष्टीने एकच जमा.

येथे एक खाच आहे. अनेक वैद्य शुल्कासाठी ४४ एडीए आणि दुकानासाठी ४४ एडी असे दोन्ही वापरतात. कलम ४४ एडी च्या पोटकलम ६ चे शब्द मात्र असे आहेत की, ठरावीक व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीस ते कलम लागू नाही. यावर सनदी लेखापालांत मतभेद आहेत. स्वतःच्या नावे चिकित्सालय आणि दुकान दोन्ही चालवणाऱ्या वैद्याने दुकानाचा नियमित हिशेब ठेवणे हेच आम्हांला निर्धोक वाटते.

पंचकर्म केंद्राची गोष्ट याहून निराळी. तैलाचा खर्च, परिचारकांचे पगार, जागेचे भाडे, गरम पाण्याचे इंधन मिळून खर्च निम्म्याच्या पुढे सहज जातो. तेथे हिशेबवह्या ठेवून खरा नफा दाखवणेच हिताचे. अशा वेळी घसाऱ्याकडे दुर्लक्ष होते. द्रोणी, स्वेदनयंत्र ही उपकरणे, संगणक, लाकडी सामान या सर्वांवर वेगवेगळ्या दराने घसारा मिळतो. कायद्यातील यंत्रसामग्रीच्या व्याख्येत पुस्तकांचाही समावेश आहे, आणि व्यवसायासाठी घेतलेल्या पुस्तकांवर ४० टक्के घसारा मिळतो. चरकसंहिता यंत्रसामग्रीत गणली जावी याची गंमत वाटेल, पण ग्रंथांच्या पावत्या फेकू नयेत. एकाच दिवशी एकाच व्यक्तीस दहा हजारांहून अधिक रोख दिलेला खर्च मान्य होत नाही, हेही ध्यानात असावे.

औषधी दुकानदारांसाठी

ज्यांचा व्यवसाय केवळ औषधविक्रीचा आहे, त्यांना कलम ४४ एडी उपलब्ध आहे. उलाढाल दोन कोटींपर्यंत, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास तीन कोटींपर्यंत. रोख विक्रीवर आठ टक्के उत्पन्न गृहीत धरतात. खातेदेय धनादेश, यूपीआय वा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेल्या विक्रीवर सहा टक्के. दोन टक्क्यांनी काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. १ कोटी ८० लाखांची विक्री पूर्णपणे रोखीची असेल तर उत्पन्न १४ लाख ४० हजार आणि कर रु. ९९,८४०. तीच विक्री यूपीआयने झाली तर उत्पन्न १० लाख ८० हजार आणि कर शून्य. गल्ल्याशेजारी चिकटवलेला तो चौकोनी कागद वर्षाला लाखभर रुपये वाचवू शकतो. मात्र ४४ एडी स्वीकारल्यावर पुढील पाच वर्षांत ते मध्येच सोडले तर त्यानंतरची पाच वर्षे त्याचा आधार घेता येत नाही. म्हणून ही वाट धरण्यापूर्वी पुढील काही वर्षांचा अंदाज बांधावा.

नियमित हिशेब ठेवणाऱ्या दुकानदारांना २०२३-२४ पासून आणखी एक नियम लागू आहे, कलम ४३ बी मधील खंड एच. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत, करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे असतात. ती मुदत उलटून ३१ मार्चला देणे थकलेले असेल, तर तेवढी खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरली जात नाही; पैसे देऊ त्या वर्षी धरली जाते. आसव-अरिष्टे, तैले, गुग्गुळकल्प बनवणारे आपल्याकडील बहुतेक कारखाने लहानच आहेत. तीन लाखांची थकबाकी राहिली तर उत्पन्नात तीन लाखांची भर पडते आणि १२ लाखांची सीमा नकळत ओलांडली जाते. पुरवठादाराच्या बिलावर उद्यम नोंदणीक्रमांक आहे का आणि तो उत्पादक आहे की घाऊक व्यापारी, हे मार्चपूर्वी पाहून घ्यावे. व्यापाऱ्याच्या थकबाकीला हा नियम लागत नाही.

जुनी की नवी

जुन्या करप्रणालीत वजावटींची रेलचेल आहे. कलम ८० सी खाली दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेत आणखी ५० हजार, आरोग्यविम्यासाठी ८० डी खाली २५ हजार व ज्येष्ठ आईवडिलांसाठी आणखी ५० हजार, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याज दोन लाखांपर्यंत. नव्या प्रणालीत आपल्यासारख्या स्वतंत्र व्यावसायिकांसाठी यांतील जवळजवळ काहीच नाही. तरीही करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत कर शून्यच असल्याने जुनीचा विचार करण्याचे कारण उरत नाही. २४ लाखांच्या उत्पन्नावर जुनी प्रणाली लाभायची तर एकूण वजावटी पावणेआठ लाखांच्या वर जायला हव्यात. मोठे गृहकर्ज असल्याशिवाय हा आकडा गाठणे कठीण. केवळ करासाठी घेतलेल्या कित्येक विमापत्रांचे कारण आता संपले आहे. कुटुंबाला संरक्षण हवे म्हणून विमा अवश्य घ्यावा. तो प्रश्न निराळा.

पगारदार मनुष्य दरवर्षी प्रणाली बदलू शकतो. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यास ती मुभा नाही, आणि याविषयी आम्ही विशेष आग्रहाने लिहीत आहोत. आता नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी तर १९६२ च्या नियमांतील नमुना १० आयईए विवरणपत्राच्या मुदतीत भरावा लागतो. जुनीत गेल्यावर नवीत परत येण्याची संधी एकदाच. त्यानंतर व्यवसाय चालू असेतो पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. एका वर्षाच्या चारदोन हजारांसाठी हा दरवाजा कायमचा लावून घेतलेले वैद्य आम्ही पाहिले आहेत.

घरच्या मंडळींचा प्रश्न

पत्नीला चिकित्सालयातून पगार दाखवण्याची प्रथा जुनी आहे. कायद्यात मात्र असा पगार पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. अपवाद एवढाच की, पत्नीकडे त्या कामाची तांत्रिक वा व्यावसायिक अर्हता असावी आणि तो पगार तिच्या ज्ञान-अनुभवाचाच मोबदला असावा. पत्नी स्वतः वैद्य किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असेल तर प्रश्न मिटतो. पतिपत्नी दोघेही वैद्य असतील तर दोघांची रुग्णनोंद, शुल्काची पावती व खाते वेगळे असणे हाच उत्तम उपाय. प्रत्येकाला आपापली २४ लाखांची मर्यादा मिळते, म्हणजे त्या घराची ४८ लाखांपर्यंतची जमा करमुक्त राहू शकते. गृहिणी कोपऱ्यात औषधे कुटते आणि सारी जमा पतीच्या नावे लिहिली जाते, हे चित्र बदलावे असे वाटते; त्यामागे केवळ कराचा विचार नाही.

पत्नीच्या नावे ठेव ठेवल्यास तिचे व्याज पतीच्या उत्पन्नात धरले जाते. आईवडिलांना किंवा सज्ञान अपत्याला दिलेल्या बक्षिसाच्या रकमेवरील व्याज मात्र त्यांचेच. ज्या मातोश्रींना अन्य उत्पन्न नाही, त्यांच्या नावे ठेव करणे कायदेशीर आहे. फक्त ती रक्कम त्यांची झाली, याची मनाशी खूणगाठ असावी. हिंदू अविभक्त कुटुंबाची स्वतंत्र करनोंद वडिलोपार्जित जागेच्या भाड्यासाठी किंवा वडिलोपार्जित दुकानासाठी उपयोगी पडते. वैद्याचे शुल्क ही त्याची वैयक्तिक कमाई. ती कुटुंबाच्या नावे दाखवता येत नाही. शिवाय ८७ ए ची माफी केवळ व्यक्तीला आहे, अविभक्त कुटुंबाला नाही.

रुग्णालयात मानद सेवा देणाऱ्यांचे शुल्क वर्षाला ५० हजारांवर गेले की १० टक्के कर उगमस्थानीच कापला जातो. ज्याचा एकूण कर शून्य आहे, त्याला हे पैसे विवरणपत्र भरून परत मिळतात. न भरल्यास ते सरकारजमा राहतात, आणि असे पैसे सोडून दिलेले तरुण वैद्य आम्हांला दरवर्षी भेटतात. औषधकंपन्यांच्या भेटवस्तू व सहली यांचे मूल्यही आपले उत्पन्नच आहे. २० हजारांवर गेल्यास १ जुलै २०२२ पासून त्यावरही करकपात होते आणि त्याची नोंद आयकर खात्याकडे आधीच पोहोचलेली असते.

आरंभी सांगितलेल्या स्नेह्यांनी पुढे काय केले? मागील वर्षांचे दडवलेले उत्पन्न स्वतःहून जाहीर करण्यासाठी अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. २०२५ च्या वित्त अधिनियमाने तिची मुदत संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली. कर व व्याज यांवर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के जादा रक्कम भरावी लागते. छापा पडल्यावर किंवा त्या वर्षाची चौकशी सुरू झाल्यावर ही सोय राहत नाही. त्यांनी दोन वर्षांची विवरणपत्रे अशी भरली, कुरकुरत भरली. पंचकर्माच्या खोल्यांसाठी ते आता नव्याने अर्ज करणार आहेत.

रुग्णांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. कंपवाताचे रुग्ण किंवा त्यांचे नातलग ८० डीडीबी खाली वजावट मिळावी म्हणून आपल्याकडे प्रमाणपत्र मागतात. त्या कलमासाठी नियमांत नेमून दिलेल्या अर्हतेच्या आधुनिक वैद्यकातील तज्ज्ञाचेच औषधपत्र लागते. आपण लिहून दिले तरी त्याचा त्यांना उपयोग नाही, म्हणून तसे स्पष्ट सांगावे. याउलट, आरोग्यविमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारखर्चावर ८० डी खाली जुन्या प्रणालीत ५० हजारांपर्यंत वजावट मिळते आणि त्या कलमात कोणत्याही एका चिकित्सापद्धतीचे नाव घातलेले नाही. अट एवढीच की पैसे रोखीने दिलेले नसावेत. अशा रुग्णाला आपली पावती खरोखरच उपयोगी पडते. तीवर त्याचे नाव, दिनांक, उपचाराचे स्वरूप आणि रक्कम कोणत्या मार्गाने मिळाली हे लिहिलेले असावे, आणि तीच रक्कम त्याच दिवशी आपल्या रुग्णनोंदवहीतही चढलेली असावी.